केसरबाईंनंतरचं गाणं

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ‘जात कहाँ हो’ संपल्यावर त्या तबकडीवर लगेच पुढे काय लागतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. पुढे लागतो टेक्सासमधला एक आंधळा, काळा, रस्त्याच्या कडेला देवाची गाणी म्हणणारा माणूस. ब्लाइंड विली जॉन्सन. गाणं ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’, ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलसमध्ये कोलंबिया कंपनीसाठी मुद्रित केलेलं. साडेतीन मिनिटांच्या आत संपतं आणि त्यात एकही शब्द नाही.

शब्द नाहीत, कारण ते ऐकणाऱ्यांना पाठ होते. नाव एका अठराव्या शतकातल्या इंग्लिश भजनाचं आहे. पकडलं जाण्याच्या आदल्या रात्री येशू जमिनीवर पडून प्रार्थना करतो, तो प्रसंग. विली जॉन्सन नुसता गुणगुणतो, आणि गुणगुणता गुणगुणता मध्येच आवाज सोडतो. राहिलेला तुकडा गिटारची तार पुरा करते. त्याच्या शब्द असलेल्या गाण्यांतही हीच खोड आहे: ओळीचा शेवटचा शब्द तोंडानं म्हणायचाच नाही, तारेकडून म्हणवून घ्यायचा. भैरवी ऐकून तयार झालेल्या कानाला इथे फार परकं वाटत नाही. तारेवर काच किंवा धातू सरकवला की जी मींड निघते ती गंधाराशी थांबते, पण कोमल गंधारावरही नाही आणि शुद्धावरही नाही, दोहोंच्या मधे कुठेतरी. हार्मोनियमवर ही जागा सापडत नाही. पियानोवरही नाही, म्हणून तिकडचे पियानोवादक दोन शेजारच्या पट्ट्या एकदम किंवा एकीवरून दुसरीवर घसरत वाजवतात आणि वेळ मारून नेतात.

अमेरिकेच्या दक्षिणेचं गाणं दुसऱ्याला ऐकवायचं असेल तर मला वाटतं अशा जागेवर बोट ठेवावं. प्रत्यक्षात होतं उलटं. गाण्याबरोबर आधी गोष्ट येते: अमक्यानं सैतानाला आत्मा विकला, अमकी दवाखान्याच्या दारात तडफडून मेली. गोष्ट सोपी असते, चटकन सांगता येते आणि ती सांगून झाली की गाणं पार्श्वसंगीत होऊन बसतं. हातानं काय केलं, कुणाकडून शिकलं, पोटासाठी काय केलं, हे सगळं गोष्टीखाली दबतं.

तर आधी हात.

काच सरकवून वाजवायची ही पद्धत नेमकी कुठून आली याबद्दल दोन धागे सापडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाईचे वादक गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी पट्टीनं वाजवत अमेरिकाभर फिरत होते. त्याच हवाईयन गिटारनं पुढे हिंदी सिनेमाच्या गाण्यांमध्ये घर केलं. दुसरा धागा घरच्या भिंतीचा आहे. केरसुणीची तार सोडवायची, लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणून बसवायची, खाली बाटली सरकवून ती ताठ करायची आणि एका हातानं छेडत दुसऱ्या हातानं तिच्यावर काच किंवा लोखंड फिरवायचं. मिसिसिपीतल्या कित्येक पोरांचं पहिलं वाद्य हेच. आफ्रिकेतल्या एकतारी वाद्यांशी त्याचं नातं सांगतात. डब्ल्यू. सी. हँडी या बँडवाल्यानं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की १९०३च्या सुमारास टटवायलर नावाच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना त्यानं एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवताना ऐकलं. तो माणूस एकच ओळ घोळवत होता: दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे मी चाललोय. हँडीला ते विचित्र वाटलं, आणि विसरताही आलं नाही.

स्वतः करून बघायचं तर साधी गिटार पुरते. जाड तारेकडून बारीक तारेकडे तिचे स्वर ई, ए, डी, जी, बी, ई असे लावलेले असतात. विली जॉन्सनसारखं ओपन डी लावायचं तर चार तारा उतरवायच्या: सहावी ईवरून डीवर, तिसरी जीवरून एफ शार्पवर, दुसरी बीवरून एवर, पहिली ईवरून डीवर. पाचवी आणि चौथी आहे तिथेच. आता काहीही न दाबता हात फिरवला तर डीला सा धरून सा, प, सा, ग, प, सा असा मेळ वाजतो. दुसरी पद्धत ओपन जी: सहावी डीवर, पाचवी जीवर, पहिली डीवर, बाकी तशाच. मग जीला सा धरून प, सा, प, सा, ग, प. तानपुरा जुळवणाऱ्याला यात नवं काही नाही. एकच लक्षात ठेवायचं, प्रत्येक तार हव्या स्वराच्या जरा खाली नेऊन मग वर चढवत आणायची. वरून खाली येऊन थांबलं की खुंटीच्या दातऱ्यांत ढिलाई राहते आणि दोन मिनिटांत तार उतरते. चार तारा सैल झाल्यानं मानेवरचा ताणही बदलतो, त्यामुळे एक फेरी पुरी झाल्यावर सगळ्या तारा पुन्हा तपासाव्या लागतात. तारा वर चढवून ओपन ई किंवा ओपन ए लावणारेही आहेत, पण जुन्या तारा त्यात तुटतात.

स्लाइड म्हणजे बोटात घालायची नळी. बाटलीची मान कापून कडा घासलेली काच, पितळ, पोलाद, काहीही. ब्लूजवादक फ्रेड मॅकडॉवेलनं तर एके काळी बैलाच्या बरगडीचं हाड वापरलं होतं. ती करंगळीत घालावी म्हणजे उरलेली तीन बोटं कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, दाबायला मोकळी राहतात. पहिली चूक सगळे करतात ती अशी: नेहमीच्या सवयीनं नळी फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या, मागे ठेवतात. मग सूर उतरलेला लागतो. बोटानं दाबताना तार फ्रेटच्या धातूवर टेकते. इथे नळी स्वतःच फ्रेट असते, म्हणून ती धातूच्या पट्टीच्या बरोबर वर हवी. दुसरी चूक दाबण्याची. जोर दिला की तार फ्रेटवर आपटून खडखडते, फार हलकं धरलं तर किरकिरते. तिसरी गोष्ट सांगितल्याशिवाय कळत नाही: नळीच्या मागे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला, एक-दोन बोटं तारांवर नुसती टेकवून ठेवायची. ती नसतील तर नळीच्या मागचा तारेचा तुकडाही वाजतो आणि सगळ्यावर एक भुताटकीचा दुसरा सूर चढतो. तारा जाड लागतात, पहिली तार ०.०१३ इंचाच्या आसपासची, आणि फ्रेटपासून त्यांची उंची नेहमीपेक्षा थोडी जास्त. बारीक तारांच्या, हाताला मऊ लागणाऱ्या नव्या गिटारवर म्हणूनच हे जमत नाही. दोष वाजवणाऱ्याचा नसतो.

एवढं जमलं की पुढचं अंकगणित सोपं आहे. मोकळ्या तारा म्हणजे सा चा कॉर्ड, पाचव्या फ्रेटवर नळी आडवी ठेवली की म चा, सातव्यावर प चा, बाराव्यावर वरचा सा. ब्लूजचं, म्हणजे दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या या गाण्याचं, बारा मात्राखंडांचं चक्र एवढ्यावर उभं राहतं: चार खंड सा, दोन म, दोन सा, मग एक प, एक म आणि शेवटचे दोन सा. प्रत्येक खंडात चार ठोके, म्हणजे एका कडव्याला अठ्ठेचाळीस. त्यात ओळी तीन. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं किंवा टोला हाणायचा. जात्यावर बसलेली बाई पुढची ओवी सुचेपर्यंत आधीची ओळ घोळवते, तसाच इथे दुसऱ्या आवृत्तीचा उपयोग होतो. तिसरी ओळ पुष्कळदा तेवढ्या वेळात जुळवलेली असते. आवाज चार खंडांपैकी साधारण अडीच खंड व्यापतो, उरलेल्यात गिटार बोलते. ऐकताना ही उरलेली जागा ऐकावी. माणूस खरा किती वाजवतो ते तिथे कळतं.

मात्र पुस्तकातलं हे चक्र जुन्या तबकड्यांवर फार कमी वेळा पुरं बारा निघतं. एकटा गाणारा श्वास संपेपर्यंत ओळ लांबवतो, कधी साडेअकरा खंडांवर पुढे जातो, कधी साडेतेरावर. साथीला दुसरा आला की पंचाईत. तबला-संवादिनीच्या शिस्तीत वाढलेले ऐकणारे अशा ठिकाणी ‘ताल चुकला’ म्हणतात. ठोका चुकलेला नसतो, आवर्तन मोजलेलं नसतं.

जुन्या तबकड्यांबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण त्या माहीत नसल्या की ऐकणं फसतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटं बसत. रात्रभर नाचणाऱ्यांसाठी वीस मिनिटं चालणारं गाणं कापून तीन मिनिटांचं केलेलं आपण ऐकतो, आणि पुष्कळदा शेवटी ते अचानक तुटल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. दुसरं, मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग सगळीकडे काटेकोर ७८ नव्हता. गाण्याबरोबर वाजवायला बसाल तर आपली गिटार प्रमाण स्वरात लावून उपयोग नाही. आधी ध्वनिमुद्रणाच्या सा ला तार जुळवायची. खरखरही सगळ्या कंपन्यांची सारखी नाही. चार्ली पॅटनची गाणी काढणारी पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची उपशाखा. फोनोग्राफची लाकडी कपाटं विकायची, तर त्यात वाजवायला तबकड्याही हव्यात, असा तो धंदा. कच्चा माल हलका वापरायचे. मिसिसिपी नदीकाठच्या डेल्टा प्रदेशातल्या सगळ्यात दमदार गायकाचा आवाज आज वाळूतून आल्यासारखा येतो त्याचं कारण हे.

पॅटनचं ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ १९२९ सालचं, तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारं. विषय १९२७चा महापूर. त्या एप्रिलमध्ये माउंड्स लँडिंगला मिसिसिपी नदीचा बांध फुटला आणि डेल्टाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पॅटन गिटारच्या लाकडावर बुक्के मारत गावांची नावं घेत जातो, माणूस जिथे जिथे पळू पाहतो तिथे तिथे पाणी. याच पुराशी बेसी स्मिथचं ‘बॅकवॉटर ब्लूज’ही जोडलं जातं. ते गाणं तिनं मुद्रित केलं फेब्रुवारी १९२७मध्ये, म्हणजे बांध फुटायच्या दोन महिने आधी. ते टेनेसीतल्या आधीच्या पुरावरून आलंय असं मानतात. पूर आला, लोकांनी ते आपलंसं केलं, आणि गाण्याचा अर्थ मागाहून बदलला. जेम्स पी. जॉन्सनचा पियानो यात फक्त डाव्या हाताकडे लक्ष देऊन एकदा ऐकावा. खालच्या पट्ट्यांवरून पाणी घुमत राहतं.

बेसी स्मिथचा मृत्यू ही तर दक्षिणेची सगळ्यात फिरलेली गोष्ट. २६ सप्टेंबर १९३७ला पहाटे हायवे ६१वर तिच्या गाडीला अपघात झाला, हात जवळजवळ तुटला, आणि गोऱ्यांच्या दवाखान्यानं घेतलं नाही म्हणून ती रक्तस्रावानं मेली, अशी ती गोष्ट. त्याच वर्षी एका संगीत नियतकालिकात छापून आली, पुढे तिच्यावर नाटकही झालं. घडलं ते वेगळं. तिला नेलं ते क्लार्क्सडेलच्या काळ्या लोकांच्या दवाखान्यातच, आणि ती तिथे गेली. मला इथे खरी हकीकत जास्त भयंकर वाटते. नकार द्यायची वेळच कुणावर आली नाही, कारण काळ्या बाईला गोऱ्यांच्या दारात न्यावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. दंतकथेत एक दुष्ट दारवान लागतो; काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणाऱ्या जिम क्रोच्या कायद्यांना तो लागत नव्हता. तिची कबर मात्र १९७०पर्यंत दगडाविना होती. तो दगड बसवायला अर्धे पैसे टेक्सासच्या गायिका जॅनिस जॉप्लिननं दिले.

रॉबर्ट जॉन्सन या गायकानं चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटारची विद्या मिळवली, या दंतकथेवर मी एवढंच म्हणेन की ‘क्रॉस रोड ब्लूज’ नीट ऐका. त्यात सैतान नाही. एक माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करतो, कुणी थांबत नाही, आणि सूर्य बुडत चाललाय. १९३६च्या मिसिसिपीत अंधार पडल्यावर अनोळखी गावात एकट्या काळ्या माणसाला कशाची भीती वाटत असेल, त्यासाठी सैतान कशाला हवा? सौदा केल्याची कथा आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जायची. आडनाव एक, म्हणून ती पुढे याला चिकटली. हा शिकला तो आइक झिमरमन नावाच्या वयानं मोठ्या वादकाकडे राहून. नोव्हेंबर १९३६ला सॅन अँटोनियोमध्ये हॉटेलच्या खोलीत आणि जून १९३७ला डॅलसमध्ये मिळून २९ गाणी मुद्रित झाली, आणि ऑगस्ट १९३८मध्ये तो सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याचं काम कुठे ऐकायचं? अंगठ्यात. पियानोवाले डाव्या हातानं जो सतत चालणारा खर्ज वाजवत तो त्यानं गिटारच्या जाड तारांवर आणला आणि वरच्या तारांवर त्याच वेळी दुसरंच काही वाजवत ठेवलं. नवख्या माणसाला दोन वादक आहेत असं वाटतं.

तरीही दक्षिणेचं गाणं पहिल्यांदा कुणाला पाठवायचं तर रॉबर्ट जॉन्सन पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज ताणलेला, मुद्रण कोरडं, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात तो सैतान आधीच बसलेला. त्यापेक्षा मिसिसिपी जॉन हर्ट पाठवावा, ‘लुई कॉलिन्स’ हे १९२८चं गाणं. एका तरुणाला गोळी लागते, आई रडते, गाव तांबडे कपडे घालतं, देवदूत त्याला नेऊन ठेवतात. एवढी खुनाची गोष्ट हर्ट अंगाईच्या आवाजात सांगतो.

हर्ट हा अॅव्हलॉन नावाच्या, दुकान आणि थोडी घरं एवढ्याच वस्तीतला शेतमजूर. शेजारच्या एका गोऱ्या फिडलवाल्यानं ओके कंपनीच्या माणसाला त्याचं नाव सुचवलं, म्हणून १९२८मध्ये त्याची गाणी मेम्फिसला आणि मग न्यूयॉर्कला मुद्रित झाली. मंदी आली, कंपनी मोडकळीला आली, हर्ट परत शेतावर. पस्तीस वर्षं कुणी विचारलं नाही. न्यूयॉर्कमध्ये घर आठवून त्यानं ‘अॅव्हलॉन ब्लूज’ म्हटलं होतं. त्यातल्या गावाच्या नावावरून जुना नकाशा धुंडाळत टॉम हॉस्किन्स हा चाहता १९६३ साली तिथे पोचला, तेव्हा सत्तरीचा हर्ट जनावरं वळत होता. त्या उन्हाळ्यात त्याला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांनी ऐकलं. १९६६मध्ये तो गेला. त्या तीन वर्षांतली मुद्रणं स्वच्छ आहेत, आणि हात १९२८चाच आहे.

तो हात असा: सी कॉर्ड धरायचा, अंगठ्यानं पाचवी आणि चौथी तार आळीपाळीनं, चारही ठोक्यांवर, न थांबता. नुसतं एवढंच आठवडाभर. गाणं लावू नये, घाईही करू नये. अंगठा दुसऱ्याशी गप्पा मारताना चालू राहिला की तर्जनी आणि मधल्या बोटानं वरच्या तारांवर चाल सुरू करायची, आधी फक्त अंगठ्याच्या ठोक्याबरोबर चिमटीत पकडल्यासारखी, मग हळूहळू दोन ठोक्यांच्या मधे. बिघडतं ते नेमकं इथेच. चाल ठोक्याच्या मधे गेली की अंगठा तिच्यामागे धावतो, खर्ज लंगडतो, आणि वाजवणारा वेग वाढवून ते झाकायला बघतो. वेग निम्मा करून परत अंगठ्याकडे जायचं. हर्टचं गाणं सोपं वाटतं, ते या अंगठ्यामुळे.

हा नियम मोडून त्याच तोडीचं वाजवणारी बाई म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाची एलिझाबेथ कॉटन. ती डावखुरी. भावाच्या बँजोवर आणि मग पावणेचार डॉलरच्या स्वतःच्या गिटारवर शिकली ती वाद्य नुसतं उलटं धरून, तारा न बदलता. त्यामुळे बारीक तारा वर, जाड तारा खाली. खर्ज तर्जनीनं वाजतो आणि चाल अंगठ्यानं. अंगठा मऊ आणि भरदार, म्हणून तिची चाल गोल येते; खर्ज हलका, उड्या मारणारा. उजव्या हाताचे लोक तिची गाणी बोटांत बसवतात, पण हा पोत उलटा होतो आणि तो तसाच राहणार. ‘फ्रेट ट्रेन’ तिनं किशोरवयात रचलं. पुढे चर्चनं ऐहिक गाणी सोडायला लावली, लग्न, मूल, घरकाम, आणि कित्येक दशकं गिटार बाजूला. वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या दुकानात काम करताना हरवलेली छोटी मुलगी तिनं आईकडे पोचवली. ती पेगी सीगर, पुढे गायिका झालेली. सीगरांच्या संगीतज्ञ कुटुंबाकडे एलिझाबेथ घरकामाला राहिली आणि तिथे भिंतीवर टांगलेल्या गिटारी पाहून बोटं पुन्हा हलली. १९५८ला पहिली तबकडी निघाली, साठी उलटल्यावर. १९८५ला नव्वदी पार केलेल्या तिला ग्रॅमी मिळालं. मधे पेगीनं ‘फ्रेट ट्रेन’ इंग्लंडला नेलं, तिथे ते तुफान चाललं आणि गीतकार म्हणून भलत्याच दोघांची नावं छापली गेली. हक्कासाठी झगडावं लागलं. गाणं पुढे पाठवताना नाव, गाव आणि साल बरोबर लिहावं हा आग्रह मी धरतो तो असल्या प्रकरणांमुळे.

लेखकांचं थोडं वेगळं आहे. त्यांच्याबद्दलच्या दंतकथा कमी, पण त्यांच्या कानाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. फ्लॅनरी ओ’कॉनर स्वतःच सांगायची की तिला संगीतातलं काही कळत नाही. पंचविशीत ल्यूपस झाल्याचं निदान झालं, वडील त्याच रोगानं गेलेले. जॉर्जियात मिलेजविलजवळच्या आईच्या शेतावर तेरा वर्षं, मोर पाळत, रोज सकाळी मोजके तास लिहायचं, तेही खिडकीकडे पाठ करून. १९६४ला एकोणचाळिसाव्या वर्षी गेली. शेतमजूर आणि मालकिणी ओसरीवर कसं बोलतात ते तिच्याइतकं अचूक फार कमी जणांनी उतरवलंय. तिच्या पत्रांत काळ्या लोकांबद्दल जे आहे तेही वाचावं लागतं. २०२०मध्ये त्यावरून एका विद्यापीठानं इमारतीला दिलेलं तिचं नाव काढलं. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या, आणि त्यातली एक लपवून दुसरी सांगण्यात अर्थ नाही.

युडोरा वेल्टीचं घर जॅक्सन शहरात, १९२५पासून २००१पर्यंत एकच. मंदीच्या काळात सरकारी प्रसिद्धी खात्याच्या नोकरीत ती मिसिसिपीभर फिरली आणि कॅमेरा बरोबर होता. पोस्टाच्या मागच्या खोलीत इस्त्री करणारी बाई दिसली, त्यातून ‘व्हाय आय लिव्ह अॅट द पी. ओ.’ ही तिची गाजलेली कथा झाली, आणि त्या कथेवरून पुढे एका ईमेल प्रोग्रॅमचं नाव युडोरा. कथा टाइप झाली की ती पानं कात्रीनं कापायची, परिच्छेदांच्या पट्ट्या जेवणाच्या टेबलावर मांडायची, क्रम बदलायची आणि टाचण्यांनी जोडायची. डिंकानं चिकटवलं तर पुन्हा हलवता येत नाही. पियानोवादक फॅट्स वॉलरचा कार्यक्रम ऐकून आली त्या रात्री तिनं ‘पॉवरहाउस’ लिहिली. वाक्यं पियानोच्या अंगानं धावतात. छापणाऱ्या मासिकानं शेवटचं गाणं जरा चावट म्हणून बदलायला लावलं. १२ जून १९६३ला तिच्याच शहरात मेडगर एव्हर्स या काळ्या नागरी हक्क कार्यकर्त्याचा खून झाला, त्या रात्री तिनं खुन्याच्याच तोंडून कथा लिहून काढली. तोवर कुणी पकडलं गेलं नव्हतं. संशयिताला अटक झाली तेव्हा कथा इतकी जवळ गेलेली निघाली की छापण्याआधी तपशील बदलावे लागले.

त्या वर्षांतली दक्षिण आपल्याकडे एका वाटेनं आलेली आहे. अलाबामातल्या लाउन्ड्स काउंटीत काळ्या मतदारांनी १९६५-६६मध्ये स्वतःचा पक्ष काढला, त्याचं चिन्ह ब्लॅक पँथर, म्हणजे काळा बिबट्या. ते चिन्ह कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथर पक्षानं उचललं, आणि त्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

गाणं आणि लेखन ही दोन्ही कामं एकाच देहात केलेली दक्षिणेची लेखिका म्हणजे झोरा नील हर्स्टन. अलाबामात १८९१ला जन्म, वाढली फ्लोरिडाच्या ईटनव्हिलमध्ये, काळ्या लोकांनीच वसवलेल्या आणि चालवलेल्या गावात. शिक्षण राहिलं होतं, म्हणून तिनं वय दहा वर्षांनी कमी सांगून शाळा गाठली. १९६०ला फ्लोरिडातच गरिबांच्या निवासात वारली; कबरीला खूण नव्हती. १९७३मध्ये लेखिका अॅलिस वॉकर गवतातून वाट काढत तिथे गेली आणि दगड बसवला. दगडावर जन्मसाल १९०१ कोरलंय, झोरानं सांगितलेलं.

१९३९मध्ये जॅक्सनव्हिलला तिची स्वतःच्या आवाजातली मुद्रणं झाली. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतात. एका मुद्रणात तिला विचारलंय की तू ही गाणी शिकतेस कशी. उत्तराचा आशय असा: घोळक्यात शिरायचं, लोक गात असतील तर ऐकायचं, मग आपणही सूर मिसळायचा, एकेक कडवं म्हणत राहायचं, पाठ झालं की त्याच लोकांसमोर गाऊन दाखवायचं, आणि बरोबर आहे असं ते म्हणाले की मग ते गाणं आपलं, जाऊ तिथे गायचं. वहीचा उल्लेख नाही.

त्यातलं ‘शव्ह इट ओव्हर’ आधी ऐकावं. ते रेल्वे गँगचं गाणं आहे. गाड्यांच्या वजनानं रूळ बाजूला सरकतात, ते पुन्हा सरळ रेषेत आणायचे असतात. रांगेतला प्रत्येक गडी लोखंडी पहार रुळाखाली अडकवून उभा. म्होरक्या ओळ म्हणतो, तेवढ्या वेळात गडी पहार खाली नीट रुतवून घेतात, पाय रोवतात. ध्रुवपदावर सगळे एकदम रेटतात. एकानं आधी जोर लावला तर रूळ हलत नाही आणि त्याचा पाठीचा कणा धरतो, म्हणून गाणं. झोरा एकटीच, साथीशिवाय, म्होरक्या आणि गँग दोन्ही होऊन गाते. पहिल्यांदा ऐकताना शब्द कळणार नाहीत, हरकत नाही. ओळीनंतर पहारी खडखडल्यासारखे जे अक्षरांचे तुकडे येतात ते मोजा आणि त्यांच्या शेवटच्या हुंकारावर हात आपटा. रेटा तिथे आहे.